एक रुपयाची विहीर

मध्यंतरी एका सभागृहात तरुण वक्त्याचं भाषण ऐकत बसले होते. अकाउंट्सवाल्यांनी शाश्वत विकासाला हातभार कसा लावावा, असा विषय. पडद्यावर रंगीत चौकोन, बाण, उद्दिष्टं. मुलगा हुशार होता, बोलत छान होता. पण माझा एक डोळा जेवणाच्या कुपनावर आणि जीव कोपरखैरण्यातल्या एका विहिरीवर. हात वर करून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, हे मी केलंय एकदा, आणि एका रुपयात केलंय. पण सांगायला उभी राहिले असते तर माझं लवकर आटपत नाही, आणि मागचे लोक जेवणासाठी चुळबुळ करायला लागले होते. म्हणून इथे सांगते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. लालबागच्या चाळीतली खोली सोडून आम्ही कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाला खेटून उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. रिक्षावाला विचारायचा, गावात जायचंय की सेक्टरमध्ये? आमचे लोक घाईघाईने सांगायचे, ‘सेक्टर, सेक्टर.’ गावात उतरलं तर जशी काही इज्जत जाणार होती. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात अकाउंट्स खात्यात होते. हे नवऱ्याने सोसायटीच्या पहिल्याच सभेत कौतुकाने सांगितलं आणि खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. घरी आल्यावर मी त्याला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. तो अजून लक्षात ठेवून आहे.

बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यात एक विहीर होती. दगडी बांधलेली, काठाला एक घाव घातल्यासारखी खाच, दोराने घासून घासून पडलेली. शहर बसवणाऱ्या महामंडळाने गावाची शेतं घेतली, प्लॉट पाडले, आणि आमच्या प्लॉटबरोबर ही विहीरही आमच्या पदरात पडली. आम्हाला तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं. नळाला पाणी येत होतं, ते गेलं तर टँकर येत होता. विहिरीत आमच्या घरांतली गणपतीची मखरं, फाटक्या पिशव्या आणि मुलांचे बॉल जात होते. बोनकोड्यातली एक आजी मात्र अधूनमधून यायची, काठावर हळद-कुंकू वाहायची, हात जोडायची आणि जायची.

ही आजी आमच्या नाक्यावर मासे विकायला बसायची. मी देशावरची, मला मासा म्हणजे मासा, त्यात काय ताजा नि काय शिळा. तिने मला कल्ला उचलून बघायला शिकवलं. मांदेलीचा वाटा पिशवीत टाकला की वर दोन मांदेल्या न मागता टाकायची आणि म्हणायची, ‘खा बाय, हिशोब करून करून वालली हायस.’ घासाघीस मी सगळ्या जगाशी केली, तिच्याशी केली नाही.

एका संध्याकाळी कामावरून आले तर गेटवर वॉचमन तिला आत सोडत नव्हता. ‘सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, बाहेरच्या माणसाला विहिरीवर जाऊ द्यायचं नाही.’ माझा आवाज तसा बारीक आहे, पण चढला की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात. त्या दिवशी उघडल्या. मी तिला स्वतः मागे घेऊन गेले. ती काठावर टेकली, खाचेवरून हात फिरवत म्हणाली, ‘ही बाव माज्या सासऱ्यानं खनली. आमचे घरची परत्येक नवरी हिच्याच पान्यानं हलदीची आंगोल करते. मी पन केली, माज्या पोरींनी पन केली. आता फुडच्या वर्सी वैशाखान नातीचं लगीन हाय.’ मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुमी ही बुजवनार त नाय ना?’

मी म्हटलं, छे, कोण बुजवतंय. मी आहे ना.

असं ‘मी आहे ना’ म्हणायला काही लागत नाही. बोलून गेले आणि घरी येऊन कुकर लावला.

आमचा सेक्रेटरी सरकारी कचेरीत नोकरीला होता. माणूस वाईट नव्हता, उलट धडपड्या. गळक्या टाक्या, लिफ्टचं लायसन्स, सगळीकडे तो. पण त्याने नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती आणि ती उभी करायला जागा नव्हती. आणखी दोन-तीन घरांत गाडी यायच्या बेतात होती. त्याने कमिटीत विषय काढला, की विहिरीत डास होतात, उद्या एखादं पोरगं पडलं तर जबाबदार कोण, आणि ओळखीचा एक कंत्राटदार विहीर बुजवायला पडलेल्या भिंतींचा राबिट, म्हणजे विटा-मातीचा ढिगारा, फुकट आणून टाकतोय. फुकट म्हटल्यावर आमच्या लोकांचे डोळे कसे लकाकतात ते मला माहीत आहे. मी आजीचं सांगितलं. नात, लग्न, हळद, सगळं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. ‘भावना समजू शकतो हो मॅडम, पण प्रॅक्टिकल बघायला नको का?’ आजीच्या बाजूने सगळे होते आणि विहिरीच्या बाजूने कोणी नव्हतं.

खरं सांगते, मला रडू आलं नाही, संताप आला. आणि संताप आला की मी आकडेमोडीला बसते, हा माझा जुना रोग आहे. वर्षाअखेरचे हिशेब व्हायचे होते. सोसायटीचा ताळेबंद मांडायला घेतला. मालमत्तेच्या बाजूला इमारत, लिफ्ट, पंप, खुर्च्या, नोटीस बोर्ड, अगदी वॉचमनचं टेबलसुद्धा होतं. विहीर नव्हती. कारण ती आपण विकत घेतलेली नव्हती, तिचं बिल नव्हतं, आणि ज्याचं बिल नाही ते आमच्या धंद्यात नाहीच. बिल दाखव नाहीतर श्राद्ध घाल, असा सगळा कारभार.

तेव्हा मला आमच्या कारखान्यातला ट्रकचा वजनकाटा आठवला. इतका जुना, की दरवर्षी घसारा काढून काढून पुस्तकात त्याची किंमत संपून गेलेली. मी नवीन असताना ती शून्य करून टाकली होती. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांनी ते शून्य खोडलं आणि तिथे एक रुपया लिहिला. म्हणाले, ‘काटा अजून वजन करतोय ना? मग पुस्तकात एक रुपया राहायला हवा. शून्य केलंत की ती वस्तू आपली नाही. उद्या भंगारवाला उचलून नेईल आणि कुठे गेली म्हणून विचारणारंही कोणी नसेल.’ ही आमच्यातली जुनी रीत आहे. तो रुपया म्हणजे वस्तूची किंमत नाही. ती आहे, एवढंच तो सांगतो.

मी ताळेबंदात वॉचमनच्या टेबलाखाली एक ओळ घातली. ‘विहीर, बांधीव, पाण्यासह. रु. १.’ दुसऱ्या बाजूला राखीव निधीत एक रुपया टाकला, म्हणजे दोन्ही बाजू जुळल्या. ऑडिटर आले तेव्हा त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. कमी बोलणारे गृहस्थ, स्कूटरवरून यायचे. म्हणाले, ‘दाखवा.’ मी त्यांना मागे नेलं. त्यांनी वाकून बघितलं, एक खडा टाकला, आवाज ऐकला, आणि वर येऊन हिरव्या पेनाने टिक केली.

आता वार्षिक सभेचं सांगते. आमच्याकडे वार्षिक सभेत हिशेब कधी कोणी वाचत नसे. रविवारची सकाळ, गच्चीवर सतरंज्या, खाली बटाटेवडे तळले जातायत आणि त्यांचा वास वर येतोय. विषय पहिला पुकारला, की मागून कोणीतरी म्हणणार, ‘वाचला असे समजून मंजूर.’ लगेच दुसरा म्हणणार, ‘अनुमोदन.’ मग पार्किंगवर तासभर भांडण, मग वडे. त्या वर्षीही तसंच झालं. ‘वाचला असे समजून मंजूर’ असं सर्वांत मोठ्याने कोण म्हणालं असेल, तर आमचा सेक्रेटरी. मी मान खाली घालून मिनिट्समध्ये तसं लिहिलं गेलंय ना, एवढं बघितलं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी राबिटने भरलेला ट्रक गेटात उभा. मी डबा घेऊन कामाला निघाले होते. सेक्रेटरी ट्रक मागे घ्यायला हात दाखवत होता. मी मध्ये उभी राहिले. शौर्य वगैरे काही नाही, डब्यातली आमटी पिशवीत सांडत होती आणि मला बस चुकणार म्हणून घाम फुटला होता.

‘ठराव दाखवा,’ मी म्हटलं.

‘कसला ठराव?’

‘सोसायटीची मालमत्ता मोडीत काढायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. नाहीतर पुढच्या वर्षी ऑडिटर विचारणार, विहीर कुठे गेली.’

‘विहीर ही मालमत्ता कधीपासून झाली?’

‘तुम्हीच मंजूर केलीत की. ताळेबंद वाचा.’

त्याने वर जाऊन अहवाल आणला आणि तिथेच, ट्रकच्या बॉनेटवर ठेवून वाचला. बिल्डिंगच्या इतिहासात हिशेब पहिल्यांदा वाचले गेले ते असे. चेहरा बघण्यासारखा झाला. तो सरकारी माणूस. शिव्याशाप, भांडण, कोर्टकचेरी काहीही पचवेल, पण ऑडिट ऑब्जेक्शन म्हटलं की दोन पावलं मागे सरतो. तसे सगळेच नोकरदार सरतात, मीसुद्धा. ट्रक आल्या वाटेने परत गेला. मला बस मिळाली नाही.

लगेच खास सभा बोलावली गेली. या वेळी वड्यांचा वास नव्हता, त्यामुळे लोक ऐकत होते. सेक्रेटरीने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. ‘घ्या मॅडम. तुमच्याच पुस्तकातली किंमत. विहीर मी विकत घेतली, आता बुजवू द्या.’ सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण डाव चांगला होता.

मी पिशवीतून टँकरची बिलं काढली. मागच्या मे महिन्याची, त्याआधीच्या मे महिन्याची. कोणाच्या खिशातून किती गेले ते प्रत्येकाला आपापल्या मेंटेनन्सवरून ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘मंडळी, टँकरचं पाणी आपल्या हिशेबात दिसतं, कारण आपण त्याला पैसे मोजतो. विहिरीचं पाणी दिसत नाही, कारण ते फुकट आहे. फुकटाची नोंद नसते, आणि नोंद नसली की त्यावर राबिट पडतो. हा रुपया किंमत नाही. आधी विहीर साफ करा, एक उन्हाळा फ्लशला आणि गाड्या धुवायला तिचं पाणी वापरून बघा, मग मी तुम्हाला किंमत काढून देते. ती सेक्रेटरींनी द्यावी आणि खुशाल बुजवावी.’ बिलं हातोहात फिरली. मग तळमजल्यावरचा एक निवृत्त शिक्षक म्हणाला, ‘बघायला काय हरकत आहे?’ आमच्याकडे क्रांती झालीच तर ती ‘बघायला काय हरकत आहे’ या वाक्याने होते. विहीर उन्हाळ्यापुरती राहिली.

मला वाटलं, जिंकले. नाक्यावर आजीला सांगायला गेले. तर तिने मान वर केली नाही. मांदेलीचा वाटा पिशवीत टाकला, पैसे घेतले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. वरच्या दोन मांदेल्या पडल्या नाहीत. मी तिथेच घुटमळले. वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. दोन मांदेल्यांनी माझं काही अडत नव्हतं, पण घरी येऊन मी वाटा पुन्हा मोजला.

शेवटी वॉचमनकडून कळलं. सेक्रेटरीने तिला गेटवर गाठून चेष्टेत सांगितलं होतं, ‘आजी, तुमच्या विहिरीची किंमत ठाऊक आहे का? एक रुपया. तुमच्या मॅडमनीच लिहिलीय.’ त्याच्या मनात काही वाईट नसावं. त्याला नेहमी वाटायचं आपण विनोदी आहोत.

मी बोनकोड्यात तिच्या घरी गेले. इतकी वर्षं गावाला खेटून राहिले आणि गावात पाऊल पहिल्यांदाच टाकलं. अंगणात सुकत घातलेली जाळी, ओटीवर नातीच्या लग्नासाठी घेतलेली नवी भांडी. मी पाय धुतले, आत जाऊन बसले. तिने सुनेला चहा ठेवायला सांगितलं, कारण दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो, भांडण असलं तरी. मग म्हणाली, ‘आमची शेतं गेली तवा पन कागदावं असाच आकडा लिवला व्हता. माजा नवरा तो कागद घेऊन दिसभर ओटीवं बसून ऱ्हायला. जेवला नाय. आता बाव ऱ्हायली व्हती, तिचा पन आकडा लिवलास. आनि तू लिवलास.’

घसारा, नाममात्र किंमत, राखीव निधी, हे सगळे शब्द तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. ज्यांच्या तोंडाला एकदा पानं पुसली गेलीत त्यांना आकडा कसा दिसतो, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. मी एवढंच म्हटलं, ‘आजी, मी एक रुपया लिहिला म्हणून ती आज आहे. नसता लिहिला तर तिथे गाड्या उभ्या असत्या. मला दुसरं काही येत नाही. मला लिहायलाच येतं.’

तिने बशीत चहा ओतून घेतला. चहा संपला. मी उठले तेव्हा ती म्हणाली, ‘हलूहलू जा, पायरी निसटती हाय.’ एवढंच. नातीच्या हळदीला पाण्याला येणार का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

उन्हाळा लागला. विहीर उपसली तेव्हा तळातून आमचीच मखरं निघाली, प्रत्येकाने आपापलं ओळखून मान फिरवली. पंप बसवला. पाणी खारं नव्हतं, पिण्याजोगं म्हणवत नव्हतं, पण बाकी सगळ्याला चाललं. टँकर यायचे थांबले नाहीत, कमी झाले. सेक्रेटरीच एके दिवशी म्हणाला, ‘मॅडम, मेंटेनन्स थोडा खाली आणता येईल का हो?’ हा माणूस तसा दिलदार. आपण हरलो हे त्याने कधी कबूल केलं नाही, पण विहिरीवर जाळी बसवायला मिस्त्री त्यानेच आणला. मला मात्र आनंद होईना. गावातून रोज लग्नात वाजवायच्या बेंजो पार्टीचा सराव ऐकू यायचा, वैशाख सुरू झाला होता, आणि माझा जीव टांगणीला. ती दुसऱ्या कुठल्या विहिरीवर गेली तर? मग मी वाचवली ती काय, पंपाची टाकी.

एका दुपारी खालून बेंजो वाजला. गॅलरीतून बघते तर बायकांचा घोळका गेटातून आत. पुढे आजी, नवी कोरी हिरवी साडी, कपाळभर मळवट. वॉचमनने गेट सताड उघडलं होतं. मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून खाली पळाले. ती जळाली, नवरा आजतागायत सांगतो. बायका विहिरीभोवती उभ्या राहिल्या, जाळी बाजूला झाली, आजीने काठाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, बायकांनी गाणं धरलं. नात हसत होती, लाजत होती. दोर खाचेत बसला आणि कळशी भरून वर आली.

कळशी नातीच्या डोक्यावर देऊन आजी माझ्याकडे आली. पदराची गाठ सोडली. आत चार आण्यांचं नाणं. ते माझ्या तळहातावर ठेवून तिने माझी मूठ मिटली. ‘तुज्या वहीत येक रुपया हाय ना? त्याचेवर ह्ये माजे चार आने ठेव. सव्वा रुपया जाला. रुपया किंमत असते, बाय. सव्वा रुपया देवापुढं ठेवतान.’ आणि बेंजोच्या मागे निघून गेली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर, पिशवीत वर दोन मांदेल्या पडल्या.

पुढच्या वर्षीचा ताळेबंद मांडताना ऑडिटरसाहेब म्हणाले, ‘मॅडम, पैसे कशाला? पूर्ण रुपयात करा सगळं.’ मी म्हटलं, नाही करणार. त्यांनी ओळ वाचली. विहीर, बांधीव, पाण्यासह. मागील शिल्लक रुपया एक. वर्षातली भर, पंचवीस पैसे. ‘ही भर कसली?’ मी सांगितलं. त्यांनी हिरवं पेन काढलं.

सभेच्या दिवशी वड्यांचा वास आला, विषय पहिला पुकारला गेला, आणि मागून कोणीतरी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी म्हणाला, ‘थांबा. या वेळी वाचून दाखवा.’ मी वाचला. टेबल, खुर्च्या, लिफ्ट, आणि मग विहीर. कोणी हसलं नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा वाचल्या. दोन्हींच्या टोकाला पंचवीस पैसे होते, आणि दोन्ही जुळत होत्या.